हजेरीचा कागद

चौतीस वर्षांच्या नोकरीत अनसूया टेंभेकरांनी एकाही कागदावर न वाचता सही केली नव्हती. केली ती निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी, आणि तीही खोव्याच्या जिलबीसाठी. स्वतःशी हे कबूल करायला त्यांना दहा दिवस लागले, पण आपण आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्या सरकारी हॉलमध्ये त्यांनी जो काही प्रकार केला, त्याला गावातले काही लोक अजून म्हातारपणीचा हट्ट म्हणतात. तो हट्ट नव्हता. ती एका तपासनीस बाईची बेअब्रू होती आणि ती तिनं चारचौघांत धुऊन काढली.

अनसूयाबाई जबलपूरच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होत्या. तोफेच्या गाड्याचा एकेक सुटा भाग समोर यायचा, त्याला गेज लावून मोजायचं, बरोबर बसला तर शिक्का मारायचा, नाही बसला तर लाल खडूची फुली. त्यांच्या शिक्क्याचा नंबर होता एकेचाळीस. 'एकेचाळीसनं पास केलंय' असं म्हटलं की फॅक्टरीच्या शॉपमध्ये कोणी दुसऱ्यांदा मोजायच्या भानगडीत पडत नसे. मार्च आला की वरचे साहेब घायकुतीला यायचे, मॅडम जरा हात चालवा म्हणायचे. मॅडम हात चालवायच्या, पण गेज लावूनच. नोंदवहीत चूक झाली तर तिथं खोडायची सोय नव्हती. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण, तारीख, सही. चूक लपवायची नाही, ती चूक आहे एवढं सांगायचं. हा नियम त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की वाण्याच्या यादीतली साखरसुद्धा त्या तशीच रद्द करायच्या.

आता अशा बाईला आभासी विश्वांच्या धोरणात कोणी आणि काहून बोलावलं, हा प्रश्न त्यांच्या नवऱ्यालाही पडला होता. त्याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. मराठी मंडळानं दोन वर्षांपूर्वी एक 'डिजिटल समिती' नेमली होती. समितीचं काम काय, तर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवणाऱ्यांना आवरणं आणि गणेशोत्सवातल्या स्पर्धांचे निकाल टाकणं. तीन सदस्य होते. फुलांवरून भांडण होऊन दोघांनी राजीनामे दिले, अनसूयाबाई उरल्या, म्हणून त्याच अध्यक्ष. समितीचं नाव मात्र मंडळाच्या वेबसाइटवर ठळक अक्षरात राहिलं. भोपाळच्या एका सल्लागार कंपनीला सरकारच्या एका विभागानं काम दिलं होतं की पुढच्या पिढीच्या इंटरनेटसाठी धोरण लिहा आणि त्याआधी शहरातल्या डिजिटल संस्थांचं मत घ्या. कंपनीनं संगणकावर शोधलं, जबलपूर, डिजिटल, समिती. आलं पत्र दारात.

"अगं, तुला नाही बोलावलं, समितीला बोलावलंय," असं हेमचंद्ररावांनी पत्र वाचून सांगितलं.

"समिती म्हणजे मीच आहे," अनसूयाबाई म्हणाल्या आणि इस्त्रीची साडी काढायला उठल्या.

या घरात आणखी एक माणूस होतं आणि तिला हे पत्र पाहून घाम फुटला. अवंतिका, अनसूयाबाईंच्या भावाची मुलगी. भाऊ मझौलीला शाळेत शिकवतो. शिकायला म्हणून पोरगी जबलपूरला आत्याकडे आली ती आत्याचीच झाली. आता ती त्याच भोपाळच्या कंपनीच्या इथल्या ऑफिसात नोकरीला होती, सहा महिन्यांच्या अजमावणीवर. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. "आत्या, तू तिथं जास्त बोलू नको हां, प्लीज," असं ती तीनदा बजावून गेली.

सिविल लाइंसमधल्या एका जुन्या सरकारी बंगल्याच्या हॉलमध्ये पहिली बैठक झाली. त्रेचाळीस जण होते. कंपनीकडून प्रकल्पाचा मुख्य, म्हणजे अवंतिकाचा साहेब, सुशांत नावाचा पस्तिशीचा माणूस होता, वर कोट आणि खाली पळायचे बूट. त्यानं चांगलं समजावून सांगितलं, खोटं काहून बोला. काही वर्षांनी इंटरनेट फोनवर बघायची गोष्ट राहणार नाही, माणूस त्याच्या आत जाईल. शहराची हुबेहूब नक्कल तिथं उभी असेल, सरकारी खिडक्या तिथं, शाळा तिथं, बाजार तिथं. तिथली जागा कोणाची, पाटी कोणाची, नियम कोणाचे, हे आज ठरवलं नाही तर उद्या सातासमुद्रापलीकडचे लोक ठरवतील. अनसूयाबाईंना हे पटलं. माप आधी ठरवायचं आणि वस्तू मग घडवायची, हेच तर त्या जन्मभर सांगत आल्या होत्या.

मग त्यानं एकेकाला तो जाडजूड चष्मा घालून बघायला दिला. अनसूयाबाईंनी आपला वाचायचा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि तो डोळ्यांवर चढवला. समोर भर बाजारातलं कमानिया गेट. तेच घड्याळ, तीच कमान, पण माणूस नाही, स्कूटर नाही, ई-रिक्षा नाही, फळांची गाडी आडवी लावणारा कोणी नाही. असा रिकामा कमानिया त्यांनी कर्फ्यूतही पाहिला नव्हता. दोन्ही हात पुढे करून त्या चार पावलं चालल्या आणि हसू लागल्या. मग कमान खऱ्यापेक्षा अरुंद झाली आहे, नीट मोजून घ्या, असं त्यांनी चष्म्याच्या आतूनच सुशांतला सुनावलं.

पुढे डाव्या हाताला दीपाचं बांगड्यांचं दुकान होतं. दीपा गुप्ता त्यांच्या ओळखीची. तिची आई गादीवर बसायची तेव्हापासून अनसूयाबाई बांगड्या तिथूनच भरायच्या. पाटी तीच, एका कोपऱ्यात रंग उडालेली. लाखेच्या बांगड्यांच्या रांगा त्याच. गादीवर मात्र दीपा नव्हती, गोऱ्या गालांची एक हसरी बाहुली बसली होती आणि ती हात जोडून स्वागत करत होती. गंमत म्हणजे खरी दीपा त्याच हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत होती, बाजारातल्या बायकांची प्रतिनिधी म्हणून. अनसूयाबाईंनी तिला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. माझ्या जागी कोणाला बसवलं हो, म्हणाली. दोघींनाही ते तेव्हा थट्टेचंच वाटलं.

एवढ्यात हजेरीचा कागद फिरत आला. वर मुंगीएवढ्या अक्षरात तीन ओळी, खाली नाव, संस्था, सही. सही केली की कागद फिरवणारा मुलगा एक गुलाबी कूपन देत होता, चहा आणि खोव्याची जिलबी. हेमचंद्ररावांना मधुमेह झाल्यापासून घरात गोड बंद होतं आणि नवऱ्याबरोबर बायकोचंही बंद. अनसूयाबाईंचं अर्धं लक्ष खोव्यामुळे काळ्याभोर झालेल्या त्या जिलब्यांच्या ताटाकडे होतं. चष्मा पर्समध्ये होता. पर्स खुर्चीखाली होती. त्यांनी सही केली.

दहा दिवसांनी ईमेलवर अंतिम मसुदा आला, बासष्ट पानांचा. शुक्रवारी शेवटची बैठक, केवळ औपचारिक, असं पत्रात होतं. अनसूयाबाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून बासष्ट पानं छापून आणली, जेवणं उरकली आणि पट्टी-पेन्सिल घेऊन बसल्या. संध्याकाळी पाचला त्या अकराव्या कलमापाशी पोचल्या. त्यात लिहिलं होतं की शहराच्या नकलेत ज्या दुकानाचा, घराचा किंवा संस्थेचा मूळ मालक एकशे ऐंशी दिवसांत ऑनलाइन हक्क नोंदवणार नाही, त्या जागेचा तिच्या पाटीसकट आणि नावासकट वापर करण्याचा हक्क ती नक्कल चालवणाऱ्या कंपनीला मिळेल. म्हणजे ती बाहुली थट्टा नव्हती. दीपाच्या पाटीखाली दुसरंच कोणी बसणार होतं आणि ते कायद्यानं बसणार होतं.

शेवटी परिशिष्ट तीन. 'खालील त्रेचाळीस नागरिक प्रतिनिधींनी मसुदा समजून घेऊन सर्व कलमांना संमती दिली आहे.' खाली हजेरीच्या कागदाचा फोटो. सतराव्या नंबरला त्यांची सही, 'टेंभेकर'मधल्या 'ट'ला लांब शेपटी असलेली, हजार नोंदवह्यांत उतरलेली तीच.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी सुशांतवर, मग स्वतःवर, आणि स्वतःवरची काही केल्या उतरेना. हेमचंद्रराव रेल्वेत होते, सिग्नल मिळेपर्यंत थांबायची त्यांना जन्मभराची सवय. त्यांनी शांतपणे म्हटलं की सोडून दे, आपल्याला काय त्या चष्म्यात संसार थाटायचाय?

"मला नाही राहायचं तिथं," अनसूयाबाई म्हणाल्या. "पण माझ्या सहीनं दीपाचं दुकान जाऊन राहिलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कमानिया गेटला गेल्या. खऱ्या. गर्दीतून वाट काढत, दोन स्कूटरवाल्यांना बोल लावत दुकानात शिरल्या आणि कलम अकरा दीपाला वाचून दाखवलं. दीपा हातातला बांगड्यांचा जोड तसाच धरून ऐकत राहिली. बाजारातल्या अर्ध्या बायकांकडे स्वतःचा फोन नाही, एकशे ऐंशी दिवसांत हक्क नोंदवणार कोण, हा हिशेब तिला अनसूयाबाईंपेक्षा लवकर समजला. सही तर तिनंही केली होती. तूही वाचलं नव्हतंस का, असं अनसूयाबाईंनी विचारलं. विचारलं कशाला, असं त्यांना पुढच्याच क्षणी झालं.

"दीदी, आपके दस्तखत ऊपर थे," दीपा म्हणाली. "हमने सोचा, आपने पढ़ लिया होगा."

त्यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती. असती तर बरं झालं असतं. चौतीस वर्षं लोक ज्या भरवशावर पुन्हा मोजत नव्हते, त्याच भरवशावर या बाईनं सही केली होती. त्याच ठिकाणी अनसूयाबाईंनी ठरवलं की शुक्रवारी जायचं आणि त्या कागदावरच्या सहीचं जे करायचं ते सगळ्यांसमोर करायचं.

घरी हे ऐकल्यावर अवंतिका ताटावरून उठली. हात धुऊन परत आली आणि दारातच उभी राहिली.

"आत्या, तो फॉर्मेट मी बनवलाय," ती म्हणाली. "नीचे मेरा नाम है. तू तिथं उभी राहिलीस तर सगळं माझ्यावरच येऊन राहिलं ना."

एका पानात सगळं बसावं म्हणून वरच्या ओळी बारीक केल्या, असं तिनं सांगितलं. मग तिनंच तोडगा काढला. उद्या ऑफिसात गेल्यावर ती वर पाठवायच्या प्रतीतल्या फोटोतून आत्याची सही हळूच काढून टाकेल, त्रेचाळीसची बेचाळीस होतील, कोणाला कळणार नाही. आत्याचं नाव सुटलं, अवंतिकाची नोकरी टिकली, प्रश्न मिटला.

"खोडायचं नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "रेघ मारायची. आणि माझी एकटीची निघून दीपाची राहिली, तर काय उपयोग त्याचा?"

मग मात्र पोरीला रडू फुटलं. तुझं काय जातं आत्या, तुझी पेन्शन चालू आहे, मझौलीला बाबा रोज विचारतात कायम झालीस का म्हणून, मी त्यांना काय सांगू, असं ती बोलत गेली. हेमचंद्रराव मान खाली घालून भात कालवत राहिले. आपल्या अब्रूची किंमत या पोरीनं भरावी, हे काही अनसूयाबाईंना न्यायाचं वाटत नव्हतं. त्यांनी तिला एवढाच शब्द दिला की तिथं तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. शुक्रवारी सकाळी अवंतिका चहा न घेता गेली.

बैठक अकराला सुरू झाली. या वेळी अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मोठे अधिकारी आले होते, ज्यांना साडेबाराला दुसरीकडे फीत कापायची होती. त्यांनी सुशांतला सुरू करा म्हणून खूण केली आणि अनसूयाबाई उभ्या राहिल्या.

मंडळाच्या सभेत एक रीत आहे आणि ती आजवर कोणी मोडलेली नाही. सभा हळदीकुंकवाची असो की कोणाच्या एकसष्टीची तयारी असो, पहिला विषय एकच, मागच्या सभेचा वृत्तान्त वाचून कायम करणे. सचिव मोठ्यानं वाचतो, ज्याला आक्षेप असेल तो हात वर करतो, आणि तो मिटल्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. एकदा चिवडा कोणी आणला होता यावरून वृत्तान्त दोन महिने कायम झाला नव्हता. बाहेरचे लोक या रीतीला हसतात. अनसूयाबाईंनी हिंदीत सांगितलं की आधी मागच्या बैठकीत काय झालं ते वाचा, मग पुढचं.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. सगळ्यांना प्रत पाठवली आहे, इथं तशी पद्धत नाही, आपण बसून घ्या, असं ते म्हणाले. सुशांतनं दिवे मंद केले आणि पडद्यावर चित्रं सुरू केली.

अनसूयाबाई बसल्या नाहीत. पहिल्या रांगेत त्या नेमक्या प्रोजेक्टरच्या झोतात उभ्या होत्या, त्यामुळे पडद्यावर त्यांची सावली आणि त्यांच्या निळ्या साडीवर धोरणाची अक्षरं. सुशांतनं एक चित्र बदललं, दुसरं बदललं. कलम सात साडीवरून गेलं, कलम आठ गेलं. मागून कोणी हसलं, कोणी माताजी बैठ जाइए म्हणालं. पासष्टाव्या वर्षी माणसांनी भरलेल्या खोलीत एकटं उभं राहायला काय लागतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

"मैं बैठ जाऊँगी," त्या म्हणाल्या. "पहले वो कागज़ पढ़ दीजिए, जिस पर हमारे दस्तखत हैं."

शेवटी अध्यक्षच कंटाळले. पढ़ दो भाई, दो मिनट का काम है, असं त्यांनी सुशांतला सांगितलं. दिवे लागले. सुशांत भरभर वाचू लागला. अनसूयाबाईंनी त्याला सावकाश वाचायला लावलं. मग त्यानं त्या तीन ओळी सावकाश वाचल्या. खाली सही करणाऱ्यांनी मसुदा समजून घेतला आहे आणि सर्व कलमांना संमती दिली आहे. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. जिलबीचा कागद, असं दीपा शेजारणीला म्हणाली ते सगळ्यांना ऐकू गेलं.

ही तर ठरावीक छापील भाषा असते, सगळीकडे असते, असं सुशांत म्हणाला. अनसूयाबाईंनी आपली सही परत मागितली. अध्यक्ष आता जरा सावध झाले होते. त्यांनी सांगितलं की दुरुस्ती फक्त मूळ कागदावर होते, फोटोवर होत नाही. सुशांत लगेच म्हणाला की मूळ कागद भोपाळला पाठवला आहे. मग इलाज नाही, आपण लेखी अर्ज द्या, धोरण आज पुढे जाईल, अर्जाचा विचार नंतर होईल, असं अध्यक्षांनी सांगितलं आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

इथं सगळं संपायला हरकत नव्हती. सरकारी कामात पुष्कळ गोष्टी याच जागी संपतात. अनसूयाबाईंना मूळ कागद कुठं असतो ते माहीत नव्हतं, पण ज्याला माहीत असेल अशी व्यक्ती खोलीत होती. लॅपटॉपच्या टेबलापाशी अवंतिका मान खाली घालून बसली होती. अनसूयाबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दिलेला शब्द होता. त्यांनी पर्स उचलली आणि अर्ज लिहायला कोरा कागद मागितला.

"सर, ओरिजिनल यहीं है," अवंतिका म्हणाली.

तिनं आपल्या पिशवीतून निळी फाइल काढली, मधल्या मोकळ्या जागेतून चालत आली आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. सुशांतकडे बघायचं तिनं टाळलं. फाइलीत तो कागद होता, एका कोपऱ्यावर जिलबीच्या तुपाचा डाग असलेला. आता अध्यक्षांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

अनसूयाबाईंनी पर्समधून वाचायचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पेन मागितलं. सतराव्या नंबरवर त्यांनी एकच रेघ मारली, खालची सही स्पष्ट वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं आणि ते मोठ्यानं वाचलं, "न वाचता सही केली. चूक माझी. संमती नाही." मग त्याचं हिंदी करून सांगितलं, तारीख घातली आणि सही केली. ज्यांनी वाचून सही केली असेल त्यांनी ती राहू द्यावी, एवढं बोलून त्या बाजूला झाल्या.

कलम अकरा आम्हाला मान्य नाही, असं म्हणत दीपा लगेच आली. तिच्या मागून बाजारातल्या आणखी दोघी. मग एक वाचनालयवाले, मग अंधशाळेचे स्वतः दृष्टिहीन असलेले शिक्षक, ज्यांना ती मुंगीएवढी अक्षरं कोणी वाचूनच दाखवली नव्हती. सगळे काही उठले नाहीत. कॉलेजातले एक प्राध्यापक जागेवरूनच म्हणाले की मी त्या तीन ओळी वाचूनच सही केली, नंतर मसुदाही पूर्ण वाचला आणि मला तो मान्य आहे, असं करत बसलो तर हे शहर शंभर वर्षं मागे राहील. अनसूयाबाईंनी त्यांना मान लवून नमस्कार केला. त्यांनी वाचलं होतं, तेव्हा त्यांच्या सहीबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती. फीत कापायची वेळ टळून गेली तेव्हा कागदावर एकोणतीस रेघा होत्या.

अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिला. हा जोडून फाइल वर पाठवता येणार नाही, कलम अकरावर लोकांना पुन्हा बोलवावं लागेल, असं त्यांनी जरा घुश्शातच जाहीर केलं. जिंकलं वगैरे कोणी नव्हतं. महिन्याभरानं नवा कागद येणार, कदाचित जरा मोठ्या अक्षरात आणि दुसऱ्या मिठाईबरोबर. पण तोवर दीपाच्या पाटीखाली दीपाच बसणार होती.

सुशांत वायर गुंडाळत होता. त्यानं अवंतिकाकडे न बघताच म्हटलं की सोमवारी ऑफिसात बोलू. तो काय बोलणार ते तिला कळलं आणि अनसूयाबाईंनाही. त्या तिच्याजवळ गेल्या. नोकरी गेली तर दुसरी मिळेल असं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं, कारण ते त्यांनाही खात्रीनं माहीत नव्हतं.

अवंतिकाचं लक्ष त्या कागदाकडे होतं. तळाशी, सगळ्या सह्यांच्या खाली, हा नमुना तयार करणाऱ्याचं नाव छापलेलं होतं आणि त्यावर तिची छोटी सही. तिनं पेन उचललं.

"तुझं राहू दे," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुला कोणी काही म्हणून नाही राहिलं."

तिनं ऐकलं नाही. आपल्या नावावर रेघ मारली. ती जरा वाकडी गेली, पण खालचं नाव वाचता येत होतं. मग थांबली. कॉलेजपासून सगळं हिंदी-इंग्रजीत लिहिणारी ती पोरगी, आठवून आठवून, एकेक अक्षर जोडत मराठीत कारण लिहू लागली.

लोकांनी वाचू नये म्हणून अक्षर बारीक केलं. मला माहीत होतं.

तिनं कागद आत्यापुढे सरकवला. अनसूयाबाईंनी चष्मा नीट केला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ते वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. मग खाली साक्षीदार म्हणून सही केली आणि सहीशेजारी, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, एकेचाळीस असा आकडा घातला.